घराण्याचा इतिहास शोधताना: कोणता कागद, कुठल्या कचेरीत, कोणत्या क्रमाने

घराण्याचा शोध घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आडनाव घेऊन निघतात. इंटरनेटवर आडनाव टाकतात, त्या आडनावाचे सरदार, किल्लेदार सापडतात, आणि आपण त्यांचेच वंशज हे ठरूनही जातं. मधल्या आठ-दहा पिढ्यांचा पत्ता नसतो, पण वंशावळ थेट सूर्यवंशाला भिडलेली असते.

आडनाव हा आपल्याकडे फार निसरडा धागा आहे. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ सांगतात, आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले. होळकर हे होळ गावचे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही तर पदांची नावं. एकाच बापाच्या एका मुलाकडे पाटीलकी आली आणि दुसरा मुंबईला जाऊन गावाच्या नावानं ‘कर’ झाला, असं झालं की दोन पिढ्यांत सख्खी भाऊकी परकी दिसू लागते. कागदोपत्री आडनाव घट्ट झालं ते इंग्रजी अमदानीत शाळा, कचेऱ्या आणि पलटणी आल्यावर. त्याआधीच्या कागदात माणूस ओळखला जातो तो स्वतःच्या नावानं, बापाच्या नावानं आणि गावानं. म्हणून शोध करायचा तो गाव धरून, आणि गावातही जमीन धरून. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्यासाठीही वाटा आहेत, त्या पुढे येतील.

दुसरा नियम एवढाच, की आजपासून मागे जायचं. शिवकालापासून पुढे यायचं नाही.

घरापासून सुरुवात

पहिलं काम म्हणजे जुन्या ट्रंका, देवघराचे खण, माळ्यावरची गाठोडी आणि पोथ्यांचे रुमाल उघडणं. यात शाळा सोडल्याचे दाखले, जन्मपत्रिका, खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्र, मृत्युपत्र, लग्नपत्रिका, जुनी शिधापत्रिका, जमाखर्चाच्या वह्या आणि पोस्टकार्डं निघतात. लग्नपत्रिका टाकून देऊ नका. निमंत्रकांच्या यादीत अख्खी भाऊकी वडीलकीच्या क्रमानं छापलेली असते, वर गाव आणि तालुका असतो, आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या आसपास कुलदैवताचं नावही असतं. पोस्टकार्डावरचा शिक्का आणि पत्ता पाहिला तर अमुक साली आजोबा कुठल्या चाळीत राहत होते ते कळतं.

कागद कितीही फाटका असला तरी त्याला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दोन्हींमुळे कागद कायमचा बिघडतो. उजेडात सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा (मागच्या बाजूला टिपणं असतात) आणि मूळ कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

मग माणसं. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईकडे आधी जा. आत्या, आजी, चुलतआजी यांना सोयरिकी पाठ असतात. पुरुष सांगतात त्या पराक्रमाच्या गोष्टी, बायका सांगतात कोण कोणाच्या घरात दिली. ‘आपला इतिहास सांगा’ असं विचारलं तर कोणालाच काही आठवत नाही. नेमकं विचारावं लागतं. सुतक कोणाकोणाचं धरता? सुतक जिथवर पोचतं तिथवर भाऊकी, आणि ज्या घराचं सुतक पूर्वी धरत पण आता सोडलं, ते घर तुमच्या वंशावळीतली हरवलेली शाखा असायची शक्यता मोठी. देवक कोणतं? कुळाचार काय? जत्रेत मान कोणाचा? मूळ घर कुठल्या वाडीत, कुठल्या आळीत होतं? अमक्या आजीचं माहेर कुठलं आणि माहेरचं नाव काय?

श्राद्धाची चिठ्ठीही मागून घ्या. पितृपंधरवड्यात गुरुजींना द्यायला जी नावं लिहून काढलेली असतात, त्यात वडील, आजोबा, पणजोबा येतात, त्यांच्याबरोबर आई, आजी, पणजी येतात आणि आईकडचे आजोबा-पणजोबाही येतात. सरकारी कागदात बाईचं नाव शोधणं किती अवघड आहे हे पुढे कळेलच, आणि तेव्हा या चिठ्ठीची किंमत समजेल.

हे सगळं करताना भाऊकीत एक शंका हमखास उठते: हा जुने उतारे काढतोय म्हणजे याला हिस्सा हवा आहे. ती मनात घर करण्याआधीच आपण होऊन स्पष्ट सांगून टाका आणि काढलेल्या प्रत्येक कागदाची प्रत सगळ्यांना द्या. अर्ध्या गाठी तिथेच सुटतात.

शाळा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी

गावच्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यालाच दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. जुन्या शाळांत ते १९व्या शतकापर्यंतही मागे जातं. मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की नोंदीचा उतारा मिळतो, म्हणजेच प्रवेश-निर्गम उतारा. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांचा जन्म १ जूनला झालेला दिसतो, कारण शाळेत घालायला आलेल्या मुलाची तारीख मास्तरांनीच ठरवली. वर्षातही एक-दोन वर्षांचा फरक धरून चाला. रजिस्टर हातात आलंच तर फक्त आपल्या नोंदीवर थांबू नका. पुढची-मागची पानं चाळलीत तर भाऊकीतली चुलत भावंडं एकाच वर्षी दाखल झालेली सापडतात.

जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते. पूर्वी या नोंदी कोतवालासारख्या गावकामगारांकडून होत, म्हणून विदर्भाकडे तिला कोतवाल बुक म्हणतात. या वह्या आज बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका गाठावी लागते. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव नसतंच, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. बापाचं नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, एवढ्यावरच ओळख पटवायची. मृत्यूच्या नोंदीत वय असतं, त्यावरून जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. प्लेग आणि १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या वर्षांत एकाच घरातले पाठोपाठ मृत्यू दिसतात. एखादी शाखा अचानक का संपली याचं उत्तर अनेकदा तिथे असतं.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत या वह्या बाहेर काढून तपासल्या गेल्या आणि सापडलेल्या नोंदींची पानं अनेक जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर चढवली गेली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काही असो, वंशावळ शोधणाऱ्याला एवढं आयतं घबाड क्वचित मिळतं. तुमची जात वेगळी असली तरी आपल्या गावची पानं बघून ठेवा. अक्षर कसं आहे, वही कुठल्या सालापासून आहे, हे तरी कळेल.

परदेशातले नातेवाईक नेहमी जनगणनेबद्दल विचारतात. तिकडे शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेत घरटी नावं बघायला मिळतात. आपल्याकडे तसं काही नाही. भारतीय जनगणनेचे आकडे राहिले, माणसांच्या नावांचे तक्ते लोकांसाठी उरले नाहीत. त्यात वेळ घालवू नका.

सातबाऱ्यावरून मागे

खरा कणा इथे आहे. आजचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा) महाभूलेखच्या संकेतस्थळावर दिसतो. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात फेरफार क्रमांक असतात. तो क्रमांक घ्या आणि गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीतली ती नोंद काढा. ‘अमुक तारखेस मयत, वारस पुढीलप्रमाणे’ असं लिहिलेला फेरफार म्हणजे एका पिढीचा जोड. त्यात मुलगे, मुली, विधवा यांची नावं आणि बऱ्याचदा वयंही असतात. त्या फेरफारात आधीच्या फेरफाराचा उल्लेख असतो, तिथून मागचा, तिथून त्याच्याही मागचा. वारसांची वेगळी नोंदवही म्हणजे नमुना ६-क, तीही मागा. अनेक जिल्ह्यांतले जुने उतारे आणि फेरफार आता स्कॅन झाले आहेत आणि ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर फी भरून मिळतात. तिथे न मिळाल्यास तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करायचा. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि साल लिहा. नुसतं ‘आमच्या आजोबांचे कागद’ लिहिलं तर अर्ज परत येतो.

या वाटेवर तीन ठिकाणी माणूस अडतो.

पहिली अडचण गट नंबराची. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर मोडून गट पाडले गेले. आजचा गट ४१२ म्हणजे जुना कुठला सर्व्हे नंबर, हे कळल्याशिवाय मागे जाता येत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा ‘नऊ-तीन, नऊ-चार’चा उतारा काढायचा. त्यावर जुना नंबर, नवा गट आणि तेव्हाचा मालक हे एकत्र दिसतात. तिथेच टिपण, आकारफोड, फाळणी नकाशे, आकारबंद हे कागदही असतात. आकारफोड पाहिलं की मूळ एका नंबराचे हिस्से कधी आणि कोणात पडले ते दिसतं, म्हणजे भाऊ कधी वेगळे झाले ते.

दुसरी अडचण ‘ए.कु.मॅ.’ची, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव सातबाऱ्यावर, पुढे ही तीन अक्षरं, आणि बाकीचे भाऊ कागदातून गायब. ही अक्षरं दिसली की समजायचं, इथे आणखी माणसं दडली आहेत. ती शोधायला वाटणीचा फेरफार किंवा कोर्टाचा हुकूमनामा पाहायचा. भाऊबंदकीचा दावा झालेला असेल तर नशीब समजा. दाव्याला वंशवृक्ष जोडावाच लागतो आणि तो समोरच्या बाजूनं तपासलेला असतो.

तिसरी अडचण मुलींची. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस फेरफारांत मुली जवळपास दिसतच नाहीत. त्यानंतर त्यांची नावं लागली, आणि लगेच पाठोपाठ हक्कसोड पत्रंही आली, म्हणजे मुलीनं आपला हिस्सा सोडल्याचे कागद. अन्यायाचा कागद म्हणून ही पत्रं वाचायला जीव होत नाही, पण शोधासाठी ती सोन्यासारखी आहेत: मुलीचं नाव, सासरचं पूर्ण नाव, सासरचं गाव आणि वय. तुमच्या पणजीच्या बहिणी कुठे दिल्या हे सांगणारा दुसरा सरकारी कागद शोधूनही सापडत नाही. नोंदणी झालेली हक्कसोड पत्रं, खरेदीखतं आणि दत्तकपत्रं दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सूची दोनवरून, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीवरून, शोधता येतात.

१९१३च्या आसपास हक्कनोंदणी सुरू झाली, त्याचे ‘क-ड-ई पत्रक’ म्हणून कागद आहेत. त्याच्या मागे गेलं की महसुली पाहणीचे कागद लागतात. ही पाहणी इंदापूर तालुक्यात १८३६च्या सुमारास सुरू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरली. दर ३० वर्षांनी फेरपाहणी होई, म्हणून खातेदारांची नावं ठरावीक टप्प्यांवर पुन्हा पुन्हा भेटतात.

हे वर्णन पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाचं. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले जुने महसुली कागद उर्दूत आणि फसली सनात (महसुली वर्षगणनेत) आहेत. तिथे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक विचारा, आणि उर्दू वाचणारा माणूस सोबत ठेवा. नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावचा सारा मालगुजार भरी; तिथे बंदोबस्ताची मिसल आणि अधिकार अभिलेख या नावांनी कागद मागावे लागतात. वऱ्हाडची पद्धत पुन्हा मुंबई इलाख्याला जवळची, रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरी. शहरात घर असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि त्यामागची चौकशी नोंदवही पाहायची. त्या नोंदवहीत पहिल्या चौकशीच्या वेळी घर कोणाकडून कोणाकडे आलं याची हकीकत असते. गाव धरणात गेलं असेल, जसं कोयनेत जावळी-पाटणकडच्या लोकांचं झालं, तर भूसंपादनाचा निवाडा आणि पुनर्वसनाच्या याद्या शोधा. त्यात घराघराची मोजदाद असते.

जमीन नव्हती, किंवा वतन वेगळं होतं

‘आमचे कागद कुठले असणार’ असं म्हणून बरेच जण सुरुवातच करत नाहीत. महार वतनाच्या जमिनी, म्हणजे हाडकी-हाडवळा, सरकारदरबारी नोंदलेल्या होत्या, आणि कोणाकोणाचा त्यात वाटा, हे वतन रजिस्टरात नावानिशी आहे. रामोशी आणि इतर कनिष्ठ गाववतनांचंही तसंच. १९५८च्या कायद्यानं ही वतनं खालसा झाली, तेव्हा जमिनी परत देण्यासाठी जी कागदपत्रं झाली त्यांत वतनदारांची नावं आहेत. जुन्या नोंदींत महारांच्या नावापुढे ‘नाक’ लागलेलं दिसेल, तसंच ते कोरेगावच्या जयस्तंभावरही कोरलेलं आहे. कुळानं कसलेल्या जमिनी असतील तर सातबाऱ्याचा बारा नंबर आणि कुळ नोंदवही बघा.

फौजेतला पूर्वज असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. पलटण, तारीख आणि पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव आणि गाव अशी माहिती मिळते. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत ‘या गावातून इतके जण महायुद्धात गेले’ अशी संगमरवरी पाटी चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत आहे. तिथून आकडा घ्या आणि यादीतून मृतांची नावं.

मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज उलट दिशेनं शोध करत येतात. १८३४पासून मुंबई बंदरातूनही मजूर गेले, त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक, आणि क्रमांकापुढे बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव. गावाचं नाव इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा ते मोठ्यानं वाचून पाहायचं.

वह्या राखणारे

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गोकर्ण, काशी, प्रयाग, गया. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या स्वहस्ताक्षरातल्या नोंदी सापडतात आणि त्यांना तोड नाही. यात्रेला आलेला माणूस स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव, गाव आणि तिथी लिहून जाई. उपाध्यांच्या वाटण्या गावानुसार किंवा कुळानुसार असतात, तेव्हा पोचल्यावर आधी विचारायचं ते ‘अमुक तालुक्यातल्या अमुक गावचे उपाध्ये कोण?’ तालुका जुनाच सांगा, कारण वही लिहिली गेली तेव्हा नवे तालुके नव्हते. नोंद बहुतेक वेळा मोडी लिपीत असते. वह्या म्हणजे त्या घराचं वतन, तेव्हा दक्षिणा द्या, फोटोची परवानगी मागा, आणि जाण्यापूर्वी तुमची आजची पिढी त्यात लिहून या.

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी, म्हणजे वंशावळी राखणारे फिरते लोक, येतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावकडच्या शेतकरी घरांना हे सांगायला नको. सुगीनंतर हेळवी दारात येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो आणि धान्य किंवा पैसे घेऊन नवी नावं वहीत चढवतो. अलीकडच्या सहा-सात पिढ्यांबाबत या वह्या बऱ्याच पक्क्या असतात, कारण दर फेरीत त्या दुरुस्त झालेल्या असतात. मूळ पुरुष कुठल्या राजवंशातला, हा सुरुवातीचा भाग मात्र ऐकून घ्यावा आणि वंशावळीत चढवू नये.

गोव्यात वेगळी सोय आहे. तिथल्या कोमुनिदादीत (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेत) गावकारांच्या नोंदी वांगडवार, म्हणजे कुळांच्या गटांप्रमाणे, असतात आणि देवस्थानांच्या महाजनांच्या याद्याही आहेत. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांची मूळ स्थानं १६व्या शतकात सोडावी लागली, त्यामुळे दैवताचं मूळ गाव कळलं की घराण्याचं मूळ गाव कळायला मदत होते: मंगेशीचं कुशस्थळी, कवळ्याच्या शांतादुर्गेचं केळशी. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५पर्यंत मागे जाते. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा वह्या आहेत, पण पोर्तुगीज वाचता यायला हवं.

छापील पुस्तकं: कोणतं कशासाठी

‘कुलवृत्तांत’ हा मराठीतला खास प्रकार. पेंडसे, आपटे, गोखले, बापट, फडके, लिमये अशा अनेक घराण्यांचे जाडजूड ग्रंथ आहेत. बहुतेक चित्पावनांचे, आणि नंतर इतर ज्ञातींतही निघाले. तुमच्या घराण्याचा असेल तर आपली शाखा त्यात शोधा, पण त्याला पुरावा मानू नका. बरीचशी माहिती पोस्टानं तक्ते मागवून जमवलेली असते. ज्यांनी तक्ता पाठवला नाही ती शाखा ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून सुटते. पहिल्या दोन-तीन पिढ्या बऱ्याचदा जुळवलेल्या असतात. बायकांची माहेरची नावं मात्र इथे चांगली मिळतात.

मोठ्या घराण्यांसाठी गो. स. सरदेसाई यांचं ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ (१९५७) हाताशी असावं. त्यांनीच संपादलेले पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड आणि वि. का. राजवाडे यांचे १८९८पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयांत सहज मिळतात. सूचीत गावाचं नाव शोधा, आडनाव नंतर. मावजी आणि पारसनीस यांनी काढलेले वतनपत्रं-निवाडपत्रं आणि कैफियती-यादी यांचे खंड लहान वतनदारांसाठी जास्त उपयोगी आहेत, आणि फार थोडे लोक ते उघडतात. पटवर्धनी मुलखातली (सांगली-मिरजेकडची) माणसं वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त सापडू शकतात.

जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेलं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर इंग्रजीत आहे, पण प्रत्येक जिल्ह्याचा जुना भूगोल, तालुके, जाती, व्यवसाय, दुष्काळ त्यात आहेत. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८०चा, पुण्याचा १८८५चा. जातींविषयीचे शेरे वाचताना लिहिणारा साहेब होता हे लक्षात ठेवायचं. वतन, मिरास, बलुतं, हक्क-लाजिमा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे कळायला त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचा. मी तर म्हणेन, दप्तरखान्यात जाण्याआधी हे एकच पुस्तक वाचलं तरी चालेल.

कोशांत दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७), दोन्ही ऑनलाइन आहेत. फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा ‘फारसी-मराठी कोश’ (१९२५). ग. ह. खरे यांचं ‘संशोधकाचा मित्र’ नावाप्रमाणेच आहे.

पुराभिलेखागार, मोडी आणि सनांचा गुंता

१८५०च्या मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात. इमारत १८९१ची. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही राज्याची पुराभिलेखागारं आहेत. करवीर संस्थानातले असाल तर कोल्हापूर गाठा. पुण्यात खासगी घराण्यांचे कागद पाहायला १९१०ला स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, खानदेशकरांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ.

पेशवे दफ्तरात रोजकीर्द, घडणी, चिटणिशी, प्रांत अजमास, जमाव असे विभाग आहेत. सामान्य वतनदाराच्या वंशजानं आधी जमाव आणि इनाम कमिशनचे कागद मागावेत. १८५२च्या कायद्यानं इनामांची चौकशी झाली, तेव्हा इनाम कोणाला, कधी मिळालं आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत कसं आलं, हे प्रत्येक इनामदाराला सिद्ध करावं लागलं. त्या कैफियतींत, म्हणजे लेखी निवेदनांत, वंशावळी आहेत. गावच्या जोशाचं, गुरवाचं, मुलाण्याचं दोन बिघ्यांचं इनामही यातून सुटलं नाही. अर्ज करताना गावाचा पेशवाईतला परगणा किंवा तर्फ सांगावी लागते. ती गॅझेटिअरवरून काढून ठेवा.

वतनाच्या भांडणांतले करीने (पक्षकारानं लिहून दिलेली हकीकत) आणि महजर (सभेचा निवाडा) म्हणजे तर घराण्यांची आत्मचरित्रंच. भोरजवळच्या कारीच्या जेध्यांचा करीना प्रसिद्ध आहे, पण तसे लहान करीने गावोगावचे आहेत. करीना लिहिणारा आपली बाजू मांडत असतो, तेव्हा प्रतिवादीचा करीनाही शोधून वाचावा.

मोडी शिकायलाच हवी. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, सराव मात्र बराच लागतो. पुराभिलेख विभाग आणि अनेक संस्था वर्ग घेतात. वाचनासाठी पैसे देऊन लिप्यंतरकारही मिळतात, पण निदान आपलं गाव आणि चार नावं तरी स्वतःला ओळखता आली पाहिजेत. नात्याचे शब्द पाठ करा: ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की नवऱ्याचं नाव, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ब्राह्मणांच्या नावात ‘बिन’ सहसा नसतो, बापाचं नाव तसंच पुढे येतं. ‘मौ॥’ मौजे, ‘प॥’ परगणा.

सन मात्र डोकं खातात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९. मराठेशाहीच्या कागदांवरचा सुहूर सन मृगाला बदलतो, त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतर ६००. दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१. पानिपतावर ताळा करून पाहा: १४ जानेवारी १७६१ म्हणजे शके १६८२, सुहूर ११६१, फसली ११७०. सुहूर सन अक्षरांत आणि उलट्या क्रमानं लिहितात, एकं आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. एककांचे शब्द असे: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. पत्राच्या खाली ‘छ ५ रजब’ असं दिसलं तर छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातली तारीख. नेमका दिवस काढायला मोडक किंवा खरे जंत्री (सन-तारखा जुळवणारं पुस्तक) वापरा.

नोंदी ठेवताना

वंशवृक्ष शेवटी काढा. आधी प्रत्येक माणसाचं एक पान करा आणि त्यावर प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून कळली ते लिहा: फेरफार क्रमांक, (दप्तरातल्या गाठोड्याचा) रुमाल क्रमांक, वहीचं पान, किंवा ‘आत्यानं सांगितलं’ आणि तारीख. ग्रॅम्प्स नावाची मोफत संगणक प्रणाली आहे, ती देवनागरी नीट घेते. एकाच नावाचा आजा आणि नातू आपल्याकडे नेहमी असतो, म्हणून नावापुढे पिढीचा आकडा घाला. दोन कागदांत वेगवेगळी माहिती असेल तर दोन्ही लिहा, एक खोडू नका.

दत्तक, दुसरं लग्न, पाट किंवा मोहतूर (बाईचा पुनर्विवाह) हे सगळं कागदात सापडणारच. दत्तकाला वंशवृक्षात तुटक रेघेनं जनक घराशी जोडा आणि सरळ रेघेनं दत्तक घराशी, म्हणजे दोन्ही वंश हाती राहतात. हयात माणसांच्या जन्मतारखा, गट नंबर आणि पत्ते इंटरनेटवरच्या सार्वजनिक वंशवृक्षांत टाकू नका, आणि मृतांबद्दलची जी गोष्ट एखाद्या चुलत घराला बोचेल ती टाकण्याआधी त्यांना दाखवा. दोन पिढ्यांमधला जोड कागदानं सिद्ध होत नसेल तर तिथे रेघ ओढू नका. जागा मोकळी सोडा आणि शेजारी पेन्सिलीनं लिहा: ‘बहुधा याचा मुलगा, १८६०च्या सुमाराची पाहणी पत्रकं बघायची.’